पेलियातानचं लेगोंग पथक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बालीला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये सोनेरी मुकुट घातलेल्या, डोळे क्षणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरवणाऱ्या छोट्या नर्तकीचा एक तरी व्हिडिओ असतोच. ते नृत्य बहुधा लेगोंग असतं. बाली बेटावरच्या पेलियातान गावानं हे नृत्य आणि त्याच्या साथीचा ‘गामेलान’ हा वाद्यवृंद १९३१ साली पॅरिसला नेलं आणि १९५२ साली लंडन-न्यूयॉर्कला. दुसऱ्या दौऱ्यात सगळ्यात गाजल्या त्या तीन मुली शाळकरी वयाच्या होत्या. भरतनाट्यम किंवा कथक शिकणाऱ्या मुली, त्यांचे आईवडील आणि बालीची तिकिटं काढून बसलेली मंडळी या पथकाबद्दल जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत.

पेलियातान कुठे आहे? आणि तिथलं पथक म्हणजे नृत्यसंस्था का?

बालीच्या गियान्यार जिल्ह्यात, उबुडला अगदी खेटून पेलियातान आहे. आता दोन्ही गावांची दुकानं एकमेकांत मिसळली आहेत, पण पेलियातानचा मान वेगळा आणि तिथली वाद्यांची परंपराही वेगळी.

पगारी कलाकार, व्यवस्थापक, तिकीटविक्री अशी संस्था मात्र डोळ्यांसमोर आणू नका. बालीत अशा मंडळाला ‘सेका’ म्हणतात. शेतीच्या पाण्याचा सेका असतो, भातकापणीचा असतो, तसाच वाद्यांचाही असतो. सभासद दिवसा भातशेतीत किंवा लाकडाच्या कोरीवकामात राबतात आणि रात्री तालमीला येतात. तालमीला दांडी मारली तर दंड भरावा लागतो. कार्यक्रमाचे पैसे सामायिक पेटीत जातात आणि त्यातून वाद्यांची दुरुस्ती, पोशाख, देवळातल्या उत्सवांचा खर्च भागतो. पेलियातानच्या अशा मंडळाचं नाव ‘गुनुंग सारी’. त्याचे आधारस्तंभ होते आनाक आगुंग ग्डे मांदेरा (१९०५–१९८६). ते गावच्या राजघराण्यातले आणि स्वतः नामांकित ढोलवादक. बालीच्या वादनात ढोलवादकच सगळ्यांना हाकतो, त्यामुळे मांदेरांचा शब्द तालमीत शेवटचा असे.

पुढे जे यश आलं ते या घडणीतून आलं, असं माझं ठाम मत आहे. परदेशात नाव झालं ते तीन मुलींचं. पण त्यांच्या मागे बसलेले वीस-पंचवीस वादक एकाच गावचे, वर्षानुवर्षं एकत्र वाजवणारे होते.

लेगोंग किती जुनं आहे?

बालीत सांगतात ती कथा अशी: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुकावतीचे राजपुत्र देव आगुंग माडे कर्ण केतेवेलच्या देवळात ध्यानाला बसले होते. त्यांना सोन्याने नटलेल्या अप्सरा नाचताना दिसल्या. जागे झाल्यावर त्यांनी तसे मुखवटे करवून घेतले आणि नृत्य बसवलं. ते पवित्र मुखवटे केतेवेलच्या देवळात आजही आहेत. मुखवट्यांशिवायचं दरबारी लेगोंग त्यातून पुढे उमललं, असं मानतात. राजवाड्यातून ते गावागावांत पोचलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तर त्याला बहर आला.

लेगोंगमध्ये गोष्ट असते का?

असते, पण माहीत नसेल तर सहज निसटते. सगळ्यात प्रसिद्ध कथा लासेमच्या राजाची. रानात वाट चुकलेल्या राजकन्या रंगकेसरीला तो पळवून नेतो. ती त्याला नकार देते. तिचा भाऊ युद्ध पुकारतो. राजा लढाईला निघतो आणि वाटेत एक अपशकुनी कावळा त्याच्यावर झेपावतो.

हे सगळं तिघी मुली मिळून उभं करतात. आधी ‘चोंदोंग’, म्हणजे दासी, एकटीच येते आणि बराच वेळ नाचते. जमिनीवरचे दोन पंखे उचलून ती दोघी लेगोंग नर्तकींना देते आणि निघून जाते. त्या दोघी एकसारख्या पोशाखात, एकमेकींची सावली असल्यागत नाचतात. मग कुठलाही बदल न करता एक राजा होते आणि एक राजकन्या. शेवटी चोंदोंग दंडांना सोनेरी पंख बांधून परत येते, या वेळी कावळा होऊन. त्या प्रवेशात ढोलाच्या प्रत्येक थापेबरोबर पंख थरथरतात आणि इतका वेळ गोड दिसणारी पोर एकदम भीतीदायक वाटू लागते.

इतक्या लहान मुलीच का?

पूर्वी पाच-सहा वर्षांच्या मुली निवडत आणि मासिक पाळी सुरू झाली की त्या लेगोंग सोडत. लहान शरीर लवचिक असतं हे एक कारण. दुसरं असं की अप्सरांचं नृत्य कोवळ्या, ‘शुद्ध’ मानल्या गेलेल्या वयातच शोभतं, अशी समजूत होती. हा नियम आता सैल झाला आहे. आजच्या पथकांत विशीतल्या, तिशीतल्याही नर्तकी दिसतात आणि जाणत्या नर्तकीचं लेगोंग पाहिलं की हा बदल चांगलाच झाला असं वाटतं.

शिकवण्याची पद्धत आपल्यासारखीच असते का?

आपल्याकडे गुरू समोर बसून तट्टकळीवर (लाकडी ठोकळ्यावर काठीनं) ताल धरतात, विद्यार्थिनी बघून आणि बोल म्हणून शिकते. बालीत जुन्या पद्धतीनं शिकवताना गुरू मुलीच्या मागे उभे राहतात. तिची दोन्ही मनगटं हातात धरतात आणि स्वतः नाचतात. मुलीचे हात त्यांच्या हातांबरोबर जातात, तिची पाठ त्यांच्या पोटाला टेकलेली असते आणि गुडघ्यानं ढकलून तिचा पाय हवा तिथे सरकवला जातो. तोंडानं गुरू वाद्यांचे आवाज काढत असतात. मोजणी नाही, पाठांतर नाही. शरीराला वाट सापडेपर्यंत हे चालतं आणि एक दिवस गुरू मनगटं सोडून देतात.

मूळ उभं राहणं म्हणजे ‘आगेम’: गुडघे वाकलेले, वजन एका पायावर, पाठीला आतून कमान, कोपरं खांद्याच्या रेषेत, बोटं मागे वळलेली आणि सतत थरथरणारी. डोळ्यांच्या झटक्याला ‘सेलेदेत’ म्हणतात. बुबुळं कोपऱ्यात फेकायची आणि ढोलाच्या ठोक्यावर परत आणायची, पापणी न लवता. कमरेपासून छातीपर्यंत कापडाची लांब पट्टी घट्ट गुंडाळलेली असते, त्यामुळे श्वासही मोजकाच घेता येतो. मुकुटात खोचलेली ताजी चाफ्याची फुलं मानेच्या प्रत्येक हालचालीला डोलतात.

१९५२च्या तिघींना घडवलं ते गुस्ती माडे सेंगोग या गुरुस्त्रीनं. परदेशातल्या जाहिरातींत त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत कधी आलं नाही, म्हणून इथे ते मुद्दाम लिहितो.

गामेलान म्हणजे नक्की काय वाजतं?

काशाच्या पट्ट्यांची वाद्यं (गांगसा), ओळीनं मांडलेल्या छोट्या घंटा (रेयोंग), मोठे लटकते गोंग, झांजा, बासरी आणि दोन ढोल. सूर पाचच. सारखी दिसणारी वाद्यं जोडीनं असतात, पण जोडीतलं एक किंचित चढ्या सुराला लावलेलं असतं. दोन्ही एकदम वाजली की आवाजात एक कंप उठतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाद्य बेसूर लागलं आहे असं वाटेल. खरं तर तो कंप हाच बालीच्या गामेलानचा प्राण आहे.

वेग ऐकून थक्क व्हायला होतं, पण एकटा वादक तेवढा वेगवान नसतोच. दोघं मिळून एक ओळ वाजवतात, एकाच्या मोकळ्या जागेत दुसऱ्याचा ठोका. एकाच उखळात दोघींनी आळीपाळीनं मुसळ टाकावं तसं. म्हणून गामेलानमध्ये एकट्यानं रियाज करून फारसं काही हाती लागत नाही.

लेगोंगचं जुनं वाद्यवृंद-रूप मऊ, हळुवार होतं. १९१५च्या सुमारास उत्तर बालीत ‘गोंग कब्यार’ नावाची स्फोटक शैली निघाली आणि बघता बघता बेटभर पसरली. कित्येक गावांनी जुनी वाद्यं वितळवून नवी ओतून घेतली. पेलियातान या नव्या शैलीत अव्वल ठरलं.

१९३१ साली पॅरिसमध्ये काय झालं?

तेव्हा बाली डच अमलाखाली होतं आणि पॅरिसला वसाहतींचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. युरोपीय सत्ता आपापल्या वसाहती तिथे मांडून दाखवत होत्या. डच विभागात उबुडचे चोकोर्द ग्डे राका सुकावती यांच्या नेतृत्वाखाली बालीचे पन्नासेक कलाकार गेले. त्यांत पेलियातानची मंडळी होती, मांदेरा आणि वादक माडे लेबाहसुद्धा. जूनच्या अखेरीस डच मंडपाला आग लागून तो भस्मसात झाला. मंडप पुन्हा उभारला गेला, नृत्य पुन्हा सुरू झालं. फ्रेंच नाटककार आंतोनँ आर्तोनं हे प्रयोग पाहिले आणि त्याचे रंगभूमीविषयीचे विचार त्यानं ढवळून निघाले. युरोपातल्या आधुनिक नाटकाचा अभ्यास करणाऱ्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनाही त्यानं यावर लिहिलेला लेख वाचावा लागतो.

मला या दौऱ्याचं कौतुक आहे, पण त्याच्या चौकटीचा त्रासही होतो. ही माणसं कलाकार म्हणून गेली आणि मांडली गेली डच मालमत्ता म्हणून.

मग १९५२चा दौरा वेगळा कसा?

तोवर देश बदलला होता. इंडोनेशियानं १९४५ साली स्वातंत्र्य जाहीर केलं आणि डिसेंबर १९४९मध्ये डचांनी ते मान्य केलं. राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांची आई बालीची. नव्या प्रजासत्ताकाची ओळख जगाला कलेतून व्हावी ही त्यांची इच्छा होती.

दौरा जमवला जॉन कोस्ट या इंग्रज माणसानं. दुसऱ्या महायुद्धात तो जपान्यांच्या कैदेत होता, सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबला होता. पुढे त्यानं इंडोनेशियाच्या बाजूनं काम केलं आणि १९५०मध्ये जावानीज पत्नीसह बालीतल्या देनपासार शहरात बिऱ्हाड केलं. बालीतली पथकं ऐकत फिरताना त्याची निवड पेलियातानवर स्थिरावली.

चाळीसहून अधिक गावकरी निघाले. ऑगस्टमध्ये लंडनचं विंटर गार्डन थिएटर, सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवरचं फुल्टन थिएटर, मग अमेरिकाभर, अगदी लास व्हेगासपर्यंत. एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमातही ते झळकले. कोलंबिया कंपनीनं त्यांच्या वादनाची लाँगप्ले तबकडी काढली आणि अमेरिकेतल्या किती तरी लोकांच्या कानावर बाली पहिल्यांदा पडलं ते या तबकडीतून.

राका, ओका आणि आनोम या तिघी लेगोंगच्या मुली. त्यांतली नी गुस्ती राका बारा-तेरा वर्षांची होती आणि वृत्तपत्रांनी तिला अक्षरशः डोक्यावर घेतलं.

‘ओलेग तामुलिलिंगान’ हे नृत्य याच दौऱ्यासाठी बसवलं, हे खरं का?

खरं आहे, आणि या पथकाची सगळ्यात मोठी कामगिरी मी यालाच मानतो.

कोस्टला कार्यक्रमात स्त्री-पुरुषाचं एक प्रणयनृत्य हवं होतं. पाश्चात्त्य प्रेक्षकाला बॅलेतल्या जोडीची सवय असते, हे त्याच्या मनात होतं. बालीत तसं ठरीव जोडीनृत्य नव्हतं. तो ताबानानच्या इ केतुत मारियाकडे गेला. जग त्याला मारियो म्हणून ओळखतं. १९२५च्या सुमारास बसून नाचायचं ‘कब्यार दुदुक’ निर्माण करून त्यानं साऱ्या बेटाला वेड लावलं होतं. आता मारियो पन्नाशी ओलांडलेला होता. त्यानं पेलियातानला येऊन राकासाठी नवं नृत्य रचलं: फुलातला मध चाखत फिरणारी भुंगी आणि तिच्याभोवती घिरट्या घालणारा भुंगा. भुंग्याच्या भूमिकेत सांपिह हा तरुण नर्तक होता.

आता विचार करा. मागणी परक्याची, प्रेक्षक परदेशी, निमित्त धंद्याचं. अशी गोष्ट दौऱ्याबरोबर संपायची. उलट झालं. पथक घरी आलं आणि ओलेग गावागावांत पसरलं. आज बालीतल्या नृत्यवर्गात ते शिकवलं जातं, शाळांच्या स्पर्धांत नाचलं जातं, लग्नसमारंभात दिसतं. त्याचं कारण मारियोनं बाहेरून फक्त निमित्त घेतलं. आगेम बालीचंच, डोळ्यांचा झटका तोच, भुंगीच्या कमरेची लय लेगोंगमधली आणि भुंग्याच्या अंगात कब्यार. परंपरा बिघडण्याच्या धास्तीनं प्रत्येक नव्या रचनेला नाक मुरडणाऱ्यांनी हे उदाहरण एकदा नीट पाहावं.

सांपिहचं पुढे काय झालं?

सांपिह सायान गावचा. १९३०च्या दशकात कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅक्फी तिथे राहून गामेलानचा अभ्यास करत होता. नदीला पूर आला असताना छोट्या सांपिहनं त्याला पाण्यातून बाहेर यायला मदत केली आणि पुढे तो मॅक्फीच्या घरीच वाढला, तिथूनच नृत्य शिकला. (याच मॅक्फीनं सायानच्या लहान मुलग्यांना वाद्यं मिळवून देऊन त्यांचं स्वतंत्र वाद्यमंडळ उभं केलं होतं. मुलांनी स्वतःचा सेका चालवायचा, ही कल्पना बालीत पुढे खूप रुजली.)

दौऱ्यावरून परतल्यानंतर दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा फेब्रुवारी १९५४मध्ये सांपिहचा खून झाला. तो तिशीचाही नव्हता. त्या पिढीतला सर्वोत्तम पुरुष नर्तक बालीनं असा गमावला.

राका मोठेपणी काय करत होत्या?

नाचत होत्या आणि शिकवत होत्या. गुस्ती आयु राका रास्मी या नावानं त्या पुढची अनेक दशकं ओळखल्या गेल्या. लेगोंग आणि ओलेग शिकायचं तर त्यांच्याकडे, असं म्हटलं जाई. २०१८मध्ये त्यांचं निधन झालं. मधल्या काळात बालीनं फार सोसलं: १९६३ साली आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक आणि १९६५-६६चं हत्याकांड, ज्यात बेटावरची हजारो माणसं मारली गेली. अशा काळातून एखादं नृत्य अखंड पुढे येतं ते कुणीतरी रोज संध्याकाळी मुलींची मनगटं धरत राहतं म्हणून. ब्रॉडवेवरचे ते महिने मोलाचे होतेच, पण मला विचाराल तर त्यानंतरची साठ वर्षं जास्त मोलाची.

हे नृत्य पर्यटकांसाठीच उरलं आहे का?

नाही, आणि या प्रश्नाचा बालीच्या लोकांनी आपल्याआधी विचार केला आहे. १९७१ साली तिथल्या विद्वानांनी आणि पुजाऱ्यांनी परिषद भरवून नृत्यांचे तीन वर्ग मांडले: देवळाच्या आतल्या अंगणात पूजेचा भाग म्हणून होणारी ‘वली’, मधल्या अंगणातली ‘बेबाली’ आणि बाहेर रंजनासाठीची ‘बालिह-बालिहान’. लेगोंग तिसऱ्या वर्गात येतं, म्हणून ते तिकीट लावून दाखवायला हरकत नाही. २०१५मध्ये युनेस्कोनं याच तीन वर्गांतली नऊ नृत्यं अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्यांत लेगोंग आहे.

भारताशी, महाराष्ट्राशी काही नातं?

लेगोंग भरतनाट्यममधून आलं, असं कुणी ठासून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. वाकलेले गुडघे आणि डोळ्यांचं काम पाहून साम्य जाणवतं, पण लासेमची कथा जावा-बालीच्या पांजी कथांमधली (पांजी या राजपुत्राच्या गोष्टींमधली) आहे. रामायण-महाभारत तिथल्या इतर नाट्यप्रकारांत भरपूर दिसतं.

अलीकडचं नातं मात्र पक्कं आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९२७ साली बालीला गेले होते. पुढे इदा बागुस मंत्र हे बालीचे विद्वान शांतिनिकेतनात शिकले. तेच नंतर बालीचे राज्यपाल झाले आणि १९७९ साली त्यांनी बाली कला महोत्सव सुरू केला. देनपासारला दर वर्षी महिनाभर चालणारा हा महोत्सव आज तरुण पथकांचं सगळ्यात मोठं व्यासपीठ आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतली मुलांची, मुलींची, तरुणांची गोंग कब्यार मंडळं तिथे समोरासमोर बसून आळीपाळीनं वाजवतात आणि प्रेक्षक आपल्या जिल्ह्यासाठी घसा कोरडा करतात. महाराष्ट्राशी थेट धागा मला दिसत नाही आणि उगाच जोडायचाही नाही.

पेलियातानचं लेगोंग आज कुठे पाहता येईल?

मांदेरांच्या कुटुंबातून १९७८मध्ये ‘तिर्ता सारी’ हे मंडळ निघालं. जुन्या मऊ नादाच्या ‘समार पेगुलिंगान’ वाद्यांवर लेगोंग सादर करणं हे त्याचं वैशिष्ट्य. शुक्रवारी संध्याकाळी पेलियातानच्या बालेरुंग मंडपात त्याचे प्रयोग होत आले आहेत. निघण्याआधी वेळ तिथे विचारून घ्या. उबुडमध्ये रोज रात्री कुठे ना कुठे काहीतरी असतं, पण एकच रात्र हाताशी असेल तर शुक्रवार साधा. विमानतळापासून उबुड पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे आणि संध्याकाळची गर्दी भयंकर असते, त्यामुळे उतरल्या दिवशीच प्रयोग गाठायच्या फंदात पडू नका. पुढच्या रांगेपेक्षा बाजूची जागा बरी, तिथून ढोलवादकाचे हात आणि नर्तकीचे डोळे एकदम दिसतात. फ्लॅश वापरू नका.

माझ्या मुलीला तिथे शिकायचं असेल तर?

आठवडा-दोन आठवड्यांसाठी उबुड-पेलियातान भागात खासगी शिकवण्या मिळतात. भरतनाट्यम किंवा ओडिसी शिकलेल्या मुलींना अरमंडी (गुडघे वाकवून अर्धवट बसणं) सोपी जाते, पण पाठीची कमान आणि वर उचललेली कोपरं जड जातात. घाईनं अख्खं नृत्य उरकण्यापेक्षा फक्त आगेम आणि चालणं शिकून आलेलं बरं. गंभीरपणे शिकायचं असेल तर देनपासारची कला संस्था आहे. १९६०मध्ये सुरू झालेल्या संगीत-नृत्य विद्यालयानं औपचारिक शिक्षणाची जी वाट घालून दिली, तीच आज विद्यापीठ पातळीला पोचली आहे. परदेशी विद्यार्थ्यांना इंडोनेशिया सरकारची ‘दर्मासिस्वा’ शिष्यवृत्ती १९७४पासून मिळते. भाषा आणि पारंपरिक कला शिकण्यासाठीच ती आहे आणि भारतीयांनाही अर्ज करता येतो. अर्जाची माहिती दिल्लीतल्या इंडोनेशियाच्या दूतावासात किंवा मुंबईतल्या वाणिज्य दूतावासात विचारा. जाण्याआधी थोडी इंडोनेशियन भाषा शिकून घ्या, कारण गुरू मनगटं धरून शिकवतात तरी सूचना तिथल्याच भाषेत देतात.